चंद्र थोडा पिवळा करता येईल का?

रात्री साडेदहाला संपादकबाईंचा व्हॉट्सॲप आला. ‘चित्र सुरेख. फक्त चंद्र थोडा पिवळा करता येईल का?’

मुलांच्या दिवाळी अंकातल्या एका गोष्टीसाठी ते चित्र होतं. कौलारू घर, अंगणात बाज, बाजेवर आजी आणि नात, आणि पार माथ्यावर पूर्ण चंद्र. घर, अंगण, आजी, नात हे सगळं एका संध्याकाळी उरकलं. चंद्राला दोन दिवस लागले. पेन्स ग्रे या राखाडीत बर्न्ट अंबर या तपकिरी रंगाचा एक थेंब, ओला कागद, पातळ वॉश म्हणजे पाणीदार रंगाचा हात, तो वाळला की पुन्हा एक वॉश. डाग जिथले तिथे. खालच्या अंगाला टायकोचं विवर आणि त्यातून फुटलेल्या पांढुरक्या रेघासुद्धा. आणि बाई म्हणतात, पिवळा करा. खाली कारणही होतं: ‘मुलांना भाकरी वाटेल.’

शाळेत इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेची तयारी चालली होती, तेव्हा सरांनी स्मरणचित्राला विषय दिला होता, कोजागिरीची रात्र. मी पोस्टर कलरची पिवळी बाटली उघडली आणि गच्चीवर गरगरीत चंद्र काढला. सर मागे येऊन उभे राहिले, जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘तळून झालाय का?’ अख्खा वर्ग हसला. पस्तीस वर्षांत माझी प्रगती पुरीपासून भाकरीपर्यंत झाली म्हणायची.

बाईंना मी लगेच उत्तर दिलं नाही. फोन पालथा घातला आणि गच्चीत गेले. पौर्णिमा दोन दिवसांवर होती. चंद्र बराच वर आला होता आणि चक्क पांढरा होता. पिवळाही नाही, राखाडीही नाही. म्हणजे मीही चूक, बाईही चूक.

खरं तर चंद्राची जमीन भलतीच काळपट आहे. तिच्यावर पडलेल्या उजेडातला जेमतेम बारा टक्के परत फिरतो, जुन्या, झिजलेल्या डांबरी रस्त्यावरून फिरावा तितका. आपण ज्याला दुधाळ, रुपेरी म्हणत आलो आणि ज्याच्या उजेडात मसाला दूध ठेवतो, तो गोळा डांबरी आहे. पण आमच्या धंद्यात पहिल्याच वर्षी शिकवतात की रंग कधी एकटा नसतो, शेजारी काय आहे त्यावर तो ठरतो. काळ्याकुट्ट आकाशात टांगलेल्या आणि उन्हात न्हालेल्या डांबराशेजारी उजळ असं दुसरं काहीच नसेल, तर ते डांबर दुधासारखं दिसणारच. तेव्हा चंद्र पांढरा दिसतो यात डोळ्याची चूक नाही. फक्त तो कसा आहे आणि कसा दिसतो, ही दोन वेगळी चित्रं आहेत. त्यातलं कुठलं काढायचं हे कुणीतरी ठरवावं लागतं.

मग त्या रात्री आणि पुढचे कितीतरी दिवस, काम बाजूला टाकून, हे आजवर कुणी कसं ठरवलं ते मी धुंडाळत बसले.

पहिली गोष्ट गॅलिलिओची, पण त्याच्याही आधी थॉमस हॅरियटची. १६०९च्या उन्हाळ्यात या इंग्रज गणित्याने दुर्बीण चंद्राकडे वळवली आणि जे दिसलं ते कागदावर काढलं. गॅलिलिओच्या काही महिने आधी. त्या चित्रात उजेड-अंधाराची वेडीवाकडी सीमारेषा आहे, थोडे डाग आहेत, बस. ते डाग कसले हे त्याच्या हाताला कळलेलं नाही. त्याच वर्षाच्या शेवटी पादुआमध्ये गॅलिलिओने तोच चंद्र तपकिरी शाईच्या वॉशमध्ये काढला, तर त्यात डोंगर उभे राहिले, खड्डे खोल गेले. त्याची दुर्बीण अधिक ताकदीची होती हे खरंच. पण तो फ्लॉरेन्सच्या चित्रकारांत वावरलेला माणूस होता. गोलावर एका बाजूने उजेड पडला की सावली कुठे वळते, खळग्यात ती कशी साचते, हे त्याने कागदावर गिरवलेलं होतं. सकाळच्या उन्हात डोंगराचं टोक आधी उजळतं आणि दरी अंधारात राहते, तसंच तिथेही चाललंय हे त्याला ओळखू आलं. आणि मजा अशी की गॅलिलिओचं पुस्तक बाहेर आल्यावर हॅरियटच्या चित्रांतही विवरं दिसायला लागली!

गॅलिलिओचा मित्र चिगोली हा चित्रकार. त्याने १६१२च्या सुमारास रोमच्या सांता मारिया माज्जोरे चर्चच्या एका घुमटात मेरीचं चित्र रंगवलं. मेरीच्या पायाखाली चंद्र असण्याची रीत जुनीच, तो चंद्र गुळगुळीत, निष्कलंक असायचा. चिगोलीने मात्र खड्ड्याखड्ड्यांचा चंद्र काढला, अगदी मित्राच्या दुर्बिणीत दिसला तसा. तो आजही तिथे आहे. चिगोलीलाही कुणी ‘थोडा गुळगुळीत करता येईल का’ विचारलं असेल का, असं माझ्या मनात आलं. बाईंचा निरोप तोवर डोक्यातून गेला नव्हता.

दुर्बिणीतून बघून काढणं ही एक तऱ्हा झाली. तिथे जाऊन उभं राहिल्यासारखं काढणं ही दुसरी. तिचा बादशहा चेस्ली बोनस्टेल. हा अमेरिकन माणूस १८८८मध्ये जन्मला आणि १९८६मध्ये गेला. शिकला वास्तुकला, सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल बांधायचा होता तेव्हा तो कसा दिसेल याची चित्रं काढली, मग हॉलिवूडमध्ये काचेवर पार्श्वभूमी रंगवणारा झाला. पन्नाशी उलटल्यावर, १९४४मध्ये, ‘लाइफ’ मासिकात त्याची शनीची चित्रं आली. शनीच्या वेगवेगळ्या चंद्रांवर उभं राहिलं तर शनी कसा दिसेल, त्याची. त्यातलं टायटनवरचं चित्र सगळ्यांत गाजलं. बर्फाळ कडे, निळं आकाश, आणि कड्यांच्या मधून डोकावणारा अवाढव्य शनी. ते मनाने काढलेलं नाही. टायटनपासून शनी किती लांब, म्हणून आकाशात केवढा दिसेल, याचा हिशेब करून काढलंय. आपल्या चंद्राच्या साधारण अकरापट रुंद दिसतो तो. माणूस आर्किटेक्ट, पर्स्पेक्टिव्ह चुकवणार नाही.

आकाश मात्र चुकलं. १४ जानेवारी २००५ला ह्युजेन्स यान टायटनवर उतरलं, तेव्हा तिथे दाट नारिंगी धुकं निघालं. त्यातून शनी दिसणं अवघडच.

चंद्राच्या बाबतीत तर बोनस्टेल आणखी चुकला. त्याच्या चंद्रावर सुळक्यांसारखे, धारदार, आल्प्सला लाजवतील असे डोंगर आहेत. तिथे वारा नाही, पाऊस नाही, झीज कोण करणार, असा विचार. बोस्टनच्या विज्ञान संग्रहालयात त्याचं चाळीस फूट लांबीचं भित्तिचित्र होतं. माणसं चंद्रावर जाऊन आली आणि तिथले डोंगर गोलसर टेकड्या निघाल्या. बारीक उल्कांच्या अब्जावधी वर्षांच्या माऱ्याने घासून बोथट झालेल्या. १९७०मध्ये ते भित्तिचित्र उतरवण्यात आलं.

याची आणखी बोचरी बाजू अशी की योग्य उत्तर आधीपासून छापलेलं होतं. ल्युसियाँ रुदो हा फ्रेंच चित्रकार, नॉर्मंडीत त्याची स्वतःची छोटी वेधशाळा. चंद्राच्या कडेला जे डोंगर येतात त्यांची बाह्यरेषा आकाशाच्या काळ्या पार्श्वभूमीवर दुर्बिणीतून नीट दिसते. रुदोने ती पाहिली, तिथे सुळके नव्हते, म्हणून सुळके काढले नाहीत. १९३७च्या त्याच्या पुस्तकातल्या चंद्रावरच्या टेकड्या अपोलोच्या फोटोंशी जाऊन मिळतात. इतकं साधं. कडेला बघायचं.

आता मन मोकळं करते. मला बोनस्टेलच आवडतो. रुदोपुढे मी नमस्कार करते आणि बोनस्टेलपुढे तासभर बसते. त्याचं टायटन बघताना थंडी वाजते, बुटाखाली बर्फ कुरकुरतो. पुढे १९५२पासून ‘कॉलिअर्स’ मासिकात रॉकेटतज्ज्ञ व्हर्नर फॉन ब्राउनच्या अवकाशप्रवासाच्या लेखांना त्याचीच चित्रं होती. अवकाशात जाणं हा अजून पोरखेळ वाटत होता, तेव्हा ही चित्रं एखाद्या प्रवास कंपनीच्या पत्रकासारखी लोकांच्या घरात पोचली. चुकीचे सुळके असलेली. मला वाटतं, बरोबर टेकड्या काढून हे काम झालं नसतं. चित्रकाराने असं म्हणू नये कदाचित.

मंगळाची गोष्ट वाचली तेव्हा मात्र मी खुर्चीतून उठून घरात फेऱ्या मारल्या. जुलै १९६५. मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेलं आणि त्याने फोटो घेतले. काळे-पांढरे, दोनशे बाय दोनशे ठिपक्यांचे. ते पृथ्वीवर यायचे सेकंदाला आठ-साडेआठ बिट या वेगाने, म्हणजे एका फोटोला आठ तासांहून जास्त. येत होते ते नुसते आकडे, प्रत्येक ठिपक्याला एक आकडा, किती उजेड किती अंधार. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत संगणक त्यांचं चित्र बनवणार होता. रिचर्ड ग्रम आणि त्याच्या साथीदारांना तेवढा दम निघाला नाही. यानावरचा टेपरेकॉर्डर धड चाललाय की नाही हेही त्यांना तपासायचं होतं. त्यांनी आकड्यांच्या कागदी पट्ट्या छापल्या, एकाशेजारी एक भिंतीवर स्टेपल केल्या आणि आकड्यांप्रमाणे रंग भरायला घेतले. ग्रम राखाडी छटांचे खडू आणायला दुकानात गेला होता, तसे मिळाले नाहीत, मिळाले ते पेस्टल. मग त्याने त्यातल्या पिवळ्या, तांबूस, विटकरी, तपकिरी कांड्या निवडल्या. कुठल्या आकड्याला कुठला रंग हे कोपऱ्यात लिहून ठेवलं.

माणसाने जवळून पाहिलेल्या मंगळाचं पहिलं चित्र असं हाताने, पेस्टलने रंगवलेलं आहे. मुलांच्या ‘आकडे पाहा, रंग भरा’ पुस्तकासारखं. ते भिंतीसकट कापून, चौकटीत घालून प्रयोगशाळेच्या संचालकांना भेट दिलं. त्या इंजिनिअरांनी स्वतःला चित्रकार म्हणवून घेतलं नसतं. पण राखाडी खडू मिळेनात तेव्हा निळे-हिरवे न घेता विटकरी घेणारा हात कुठल्या शाळेत शिकतो?

अकरा वर्षांनी, जुलै १९७६मध्ये, व्हायकिंग १ मंगळावर उतरलं आणि पहिला रंगीत फोटो आला. त्यात आकाश निळं होतं! तंत्रज्ञांनी रंग जुळवताना नकळत पृथ्वीवरच्यासारखं करून ठेवलं होतं. यानावरच्या रंगपट्टीशी ताडून पाहिल्यावर कळलं, आकाश गुलाबीसर आहे, धुळीमुळे. ही दुरुस्ती जाहीर झाली तेव्हा जमलेल्या पत्रकारांनी गमतीने ‘हूऽऽ’ केलं म्हणतात. त्यांनाही चंद्र पिवळाच हवा होता.

आमची भाची इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्यापुढे मी हे सगळं उत्साहाने सांगत होते. ती म्हणाली, ‘मावशी, ते जुनं झालं. आता हबल दुर्बिणीचे फोटो बघ ना, खरेखुरे.’ आणि तिने लॅपटॉपवर ते सगळ्यांना पाठ असलेलं चित्र उघडलं. गरुड तेजोमेघातले तीन खांब, ज्यांना सृष्टीचे खांब म्हणतात. १९९५चं. आपल्यापासून सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षं दूर, सर्वांत उंच खांब चारेक प्रकाशवर्षांचा.

मला तेव्हा एवढंच माहीत होतं की हबलने घेतलेलं सगळं साहित्य सगळ्यांना मोफत उतरवून घेता येतं. म्हणून एका रविवारी आम्ही दोघी बसलो आणि त्याच मूळ फायली मिळवल्या. उघडल्या तर काळी पाटी. भाची म्हणाली, बिघडल्यात. बिघडल्या नव्हत्या. उजेड-अंधाराचा ताण सैल करत गेलं तसतसं त्या काळ्यातून धुरकट काहीतरी वर आलं, फोटोग्राफीच्या डार्करूममध्ये ट्रेमधल्या कागदावर यायचं तसं. आणि ते राखाडी होतं. तिन्ही फायली राखाडी. एक गंधकाच्या प्रकाशातली, एक हायड्रोजनच्या, एक ऑक्सिजनच्या. रंग कुणीच पाठवलेला नाही. गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा, हे खगोलशास्त्रज्ञ जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी ठरवलं. आता गंधक आणि हायड्रोजन दोघांचाही तो प्रकाश मुळात लालच असतो. तसाच ठेवला असता तर दोन्ही एकमेकांत मिसळून गेले असते, कुठे कोण आहे ते कळलं नसतं. म्हणून एकाला हिरवा दिला. त्यात हेतू अभ्यासाचा, पण सोनेरी-हिरवट जो उजेड तिथे पसरला तो बघून कुणाचाही श्वास अडकतो.

आम्ही रंग उलटेपालटे करून पाहिले. हायड्रोजनला लाल, गंधकाला निळा. खांब शिळ्या मटणाच्या रश्शात बुडल्यासारखे दिसायला लागले. माहिती तीच, ठिपके तेच.

‘म्हणजे हे फोटोशॉपच की गं,’ भाची म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. ‘खोटंच ना मग?’

‘अगं, नकाशात समुद्र निळा आणि वाळवंट पिवळं असतं, ते खोटं का?’

‘ते नकाशे आहेत. मला वाटलं हा फोटो आहे.’

तिचं बरोबर होतं. माझंही. तो वाद आम्ही चहावर सोडून दिला, पण माझ्या डोक्यातून तो गेला नाही. त्या खांबांकडे परत पाहिलं तेव्हा आणखी एक गोष्ट जाणवली. ते उभे आहेत. अवकाशात वर आणि खाली कुठलं? तरी चित्रात खाली पाया, वर शेंडा, मागून येणारा उजेड. हे मी कुठेतरी पाहिलं होतं. एलिझाबेथ केसलर या कलेतिहासाच्या अभ्यासक बाईंनी हेच ओळखलंय. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन चित्रकारांनी पश्चिमेचे कडे आणि दऱ्या जशा रंगवल्या, त्याच चालीवर हबलची चित्रं बेतलेली आहेत, असं त्या दाखवतात. त्या चित्रकारांतला थॉमस मोरान १८७१मध्ये यलोस्टोनच्या पाहणी पथकाबरोबर गेला होता. बरोबर जॅक्सन नावाचा फोटोग्राफरही होता. जॅक्सनने पुरावा आणला, पण काळा-पांढरा. उकळत्या कुंडांचे निळे-पिवळे-शेंदरी रंग आणले मोरानच्या जलरंगांनी. पुढच्याच वर्षी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं आणि मोरानने काढलेलं तिथल्या दरीचं प्रचंड तैलचित्र अमेरिकन संसदेने दहा हजार डॉलरला विकत घेतलं. फोटो आणि रंग तेव्हाही वेगवेगळ्या घोड्यांवरून आले होते.

रंगाचंच बोलायचं तर अवकाशात दूर निघालेल्या व्हॉयेजर यानावरच्या तबकडीतलं केसरबाई केरकरांचं गाणं आठवतंच. गोव्यातल्या केरीची ती गायिका आणि ती भैरवी, ही गोष्ट आपल्याकडे इतक्यांदा सांगून झालीय की मी ती परत सांगत नाही. फक्त एवढंच मनात येतं, राग हा शब्द ज्या धातूपासून आला त्याचा अर्थच रंगवणं. तिथे अंधारात डोळ्यांनी ओळखायचा रंग कुठून असणार? आपण पाठवला तो हा.

आणि एक गोष्ट रंगाशिवायची. १९७९मध्ये कृष्णविवर कुणी पाहिलेलं नव्हतं. फ्रान्समध्ये ज्याँ-पिएर ल्युमिने या तरुण शास्त्रज्ञाने गणित मांडलं. कृष्णविवराभोवती तापलेल्या वायूची चकती फिरत असेल तर ती लांबून कशी दिसेल? पंचकार्डांवर चालणाऱ्या जुन्या संगणकाने उत्तरं दिली, पण चित्र काढायची त्याची ताकद नव्हती. ल्युमिने हातचा चित्रकार होता. त्याने काळी शाई घेतली आणि आकडे बघत बघत कागदावर एकेक ठिपका दिला. जिथे उजेड जास्त तिथे ठिपके दाट. हजारो. मग त्याची निगेटिव्ह काढली, काळ्यावर पांढरं. आमच्या बायोलॉजीच्या जर्नलमध्ये बाई सांगायच्या, शेडिंग करायचं नाही, ठिपके द्यायचे, आणि बेडकाच्या यकृतावर ठिपके देता देता माझं मनगट भरून यायचं. त्या मनगटाला ल्युमिनेचं दुखणं कळतं. त्याच्या चित्रात कड्याची एक बाजू उजळ आहे, दुसरी फिकी, कारण वायू एका बाजूने आपल्याकडे येतो आणि दुसऱ्या बाजूने दूर जातो. एप्रिल २०१९मध्ये एम ८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं पहिलं खरं चित्र आलं, तेव्हा तेही कडं एका बाजूने उजळ होतं. नारिंगी होतं, पण तो नारिंगी कुणीतरी दिलेला. रेडिओ लहरींना कसला आलाय रंग.

प्रत्यक्ष अवकाशात पहिल्यांदा चित्र काढलं ते अलेक्सेई लिओनोवने. १८ मार्च १९६५ला यानाबाहेर तरंगलेला पहिला माणूस तो. सूट फुगल्यामुळे आत परत येताना जीव जायची वेळ आली होती. त्याच फेरीत त्याने रंगीत पेन्सिलींनी कक्षेतला सूर्योदय काढला, पृथ्वीच्या कडेवरची लाल, पिवळी, निळी पट्टी. पेन्सिली तरंगत जाऊ नयेत म्हणून दोऱ्याने बांधलेल्या. तेवढा दोरा मला फार जवळचा वाटतो.

पण ज्याच्यापाशी मी येऊन थांबले तो ॲलन बीन.

नोव्हेंबर १९६९, अपोलो १२. चंद्रावर चालणारा चौथा माणूस. आधीच्या खेपेला जगाने आर्मस्ट्राँगला धूसर, काळ्या-पांढऱ्या चित्रात पाहिलं होतं. या वेळी चंद्रावरून पहिल्यांदा रंगीत प्रक्षेपण होणार होतं. बीन कॅमेरा उचलून तिवईवर नेत होता आणि नेता नेता त्याचं तोंड सूर्याकडे झालं. कॅमेऱ्याचा डोळा जळाला. बीनने हातोडीने त्याला टोले मारून पाहिले, आपण बंद पडलेल्या टीव्हीला मारायचो तसे. काही झालं नाही. घरोघरी लोक काळ्या पडद्यापुढे बसून राहिले. एका अमेरिकन वाहिनीने तर वेळ निभावायला कळसूत्री बाहुल्या नाचवल्या.

दुसरी फजिती कमी लोकांना माहीत आहे. फोटोत एका वेळी एकच जण यायचा, दुसरा कॅमेऱ्यामागे. म्हणून बीन आणि त्याच्याबरोबर चंद्रावर उतरलेला पीट कॉनरॅड यांनी कुणाला न सांगता एक टायमर बरोबर नेला होता. दोघांचा एकत्र फोटो निघाला असता आणि पृथ्वीवरच्यांनी डोकं खाजवलं असतं, हा काढला कुणी? ऐन वेळी तो टायमर दगड भरलेल्या पिशवीत सापडेचना. सापडला तेव्हा निघायची वेळ झाली होती. बीनने तो फेकून दिला.

पुढे तो स्कायलॅब या अवकाशस्थानकावर एकोणसाठ दिवस राहून आला. आणि १९८१मध्ये, पन्नाशीला टेकल्यावर, नासा सोडून चित्रकार झाला. नौदलात वैमानिक असतानाच त्याने संध्याकाळचे चित्रकलेचे वर्ग केले होते. काही सहकाऱ्यांना हे वयाचं खूळ वाटलं. त्याचं म्हणणं सरळ होतं, यान चालवायला तरुण पोरं आहेत, पण तिथे जाऊन आलेला चित्रकार मी एकटाच आहे. तो २०१८मध्ये गेला, तोवर चंद्रच काढत राहिला.

कसा काढायचा ते ऐका. आधी बोर्डावर जाड थर द्यायचा आणि त्यात चंद्रावर वापरलेल्या हातोडीने घाव घालायचे. चंद्रावरच्या बुटाच्या तळव्याचे ठसे उमटवायचे. त्याच्या सूटवरचे कापडी बिल्ले त्याला आठवण म्हणून मिळाले होते, त्यांत चंद्राची धूळ बसलेली. त्यांचे बारीक तुकडे करून तेही त्या थरात मिसळायचे. आणि मग रंग. त्याला पुरतं माहीत होतं की चंद्र राखाडी आहे, त्याने तो पायांनी तुडवला होता. तरी त्या राखाडीने त्याचं भागेना. चंद्र न बिघडवता त्यात रंग कसा घालायचा, हा त्याचा कित्येक वर्षांचा धडा होता. तो फ्रेंच चित्रकार मोनेकडे बघायचा. मोनेने गवताच्या त्याच गंजी सकाळी, दुपारी, हिवाळ्यात पुन्हापुन्हा काढल्या आणि दर वेळी त्या वेगळ्या रंगाच्या झाल्या. बीनच्या चंद्रावर जांभळं, हिरवट, शेंदरी ऊन आहे. त्याने तो दोघांचा न निघालेला फोटोही रंगवला. शीर्षकच दिलं, आम्ही कधीच न काढलेला झकास फोटो. आणखी एका चित्रात तर त्याने डिक गॉर्डनलाही चंद्रावर उतरवलं. गॉर्डन त्यांचा तिसरा सोबती, जो वर यानात एकटा घिरट्या घालत थांबला होता आणि ज्याचे पाय चंद्राला कधीच लागले नाहीत.

हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. ज्याच्या हातून चंद्राचे रंग दाखवणारा कॅमेरा जळाला, त्याने पुढची सदतीस वर्षं चंद्राला हाताने रंग दिले. त्याने असा हिशेब मांडला असेल असं मी म्हणत नाही. मला तो दिसतो, एवढंच.

इकडे बाईंचे आणखी दोन निरोप येऊन पडले होते. दुसऱ्यात नुसतंच प्रश्नचिन्ह.

पुढच्या महिन्यातल्या पौर्णिमेच्या संध्याकाळी मी परत गच्चीत गेले, या वेळी लवकर. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्यांमागून चंद्र वर येत होता आणि काय सांगू, तो पिवळा होता. पिवळाधमक, कडेला तांबूस. तळून झालाय का विचारावं असा. कारण शाळेच्या पुस्तकातलंच आहे. चंद्र क्षितिजाजवळ असतो तेव्हा त्याचा उजेड हवेच्या जाड थरातून तिरका येतो, निळा वाटेतच विखुरतो, पिवळा-तांबडा आपल्यापर्यंत पोचतो. तासा-दीड तासात तो वर चढला तसा उतरत उतरत पांढरा झाला. त्या पिवळ्याचा चंद्राशी काही संबंध नव्हता. तो आपल्या हवेचा रंग, आपल्या धुळीचा, शेजारच्यांनी चुलीवर पाणी तापवायला लावल्याचा.

म्हणजे विचारायचा प्रश्न रंगाचा नव्हताच. चंद्र किती वर आलाय, हा होता.

खाली येऊन मी नवा कागद ताणला. घर, बाज, आजी, नात होती तिथेच ठेवली. माथ्यावरचा चंद्र काढून टाकला आणि त्याला कौलांच्या मागे, पन्हळीला चिकटून, अर्धामुर्धा वर आलेला बसवला. आधी तीच राखाडी वॉश, तेच डाग, आणि ते पुरतं वाळल्यावर वरून पातळ पिवळा, खालचा चंद्र आतून दिसत राहील इतकाच. आजीची मान आधी वर होती, ती आता समोर करावी लागली, म्हणजे आजी पुन्हा काढावी लागली. रात्री दोन वाजता चित्र पाठवून दिलं.

सकाळी उत्तर आलं होतं. ‘वा! आता अगदी चंद्र वाटतोय. फक्त घर थोडं लहान करता येईल का? शीर्षक बसत नाहीये.’